पेपरवर नाव कुणाचं?

प्रश्न (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

सातपुड्यातल्या एका तालुक्याच्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापिकेचं हे पत्र आहे. त्या अजून तासिका तत्त्वावर आहेत. आदिवासी समाजातल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर. पीएचडीसाठी त्यांनी आसपासच्या पाड्यांवर रानकंदांचा अभ्यास केला. कोणता कंद कधी खणायचा, त्यातला कडूपणा आणि खाज कशी घालवायची, हे तिथल्या बायकांकडून समजून घेऊन त्यांनी नोंदवलं. त्यावरचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, एका परदेशी जर्नलला (संशोधन नियतकालिकाला) पाठवला आणि तो परत आला. एका रिव्ह्यूअरने (जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाने) लिहिलं, ‘इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून भाषा तपासून घ्या.’ दुसऱ्याने लिहिलं की विषय फारच स्थानिक आहे, शिवाय घरं किती आणि कशी निवडली ते कळत नाही. दुसरं एक जर्नल विषयाला साजेसं आहे, पण त्याचं शुल्क दोन लाखांच्या वर जातं. शहरातल्या संस्थेतले एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतात, “माझं नाव पहिलं टाका, पेपर मी लावून देतो.” सहकारी म्हणतात, तीन हजार भरा, आठवड्यात छापून येईल. लग्नाआधीचे दोन लेख माहेरच्या आडनावाने आहेत, आता कोणतं लावावं हेही त्यांना कळत नाही.

त्या विचारतात: “ताई, माझं आडनाव, माझं कॉलेज, माझं इंग्रजी, सगळंच आड येतंय का? सरांना पहिलं नाव देऊन मोकळी होऊ का? ही मोठी जर्नल्स विविधता आणि समावेशकतेच्या घोषणा करतात, त्या आमच्यासाठी असतात का?”

उत्तर

तुम्ही पत्रासोबत पेपरही पाठवलात हे फार बरं केलंत. आधी तोच वाचला. कडूकंदाचा परिच्छेद मी दोनदा वाचला. चकत्या किती पातळ कापायच्या, चुलीतली राख घालून त्या कशा उकळायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात का ठेवायच्या, टोपलीवर दगड कुठे ठेवायचा. सकाळी एक बाई चकती जिभेच्या टोकाला लावते आणि ‘अजून एक पाणी’ म्हणते. हा कंद नीट न धुता खाल्ला तर माणूस आजारी पडतो. म्हणजे तुम्ही जे नोंदवलंय ते विष उतरवण्याचं शास्त्र आहे, आणि ते नेमकेपणाने नोंदवलंय. तुमचं काम कमी दर्जाचं आहे की काय, ही शंका पत्राच्या प्रत्येक ओळीआड दिसते. तिला पेपरात कुठेच आधार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुमच्या बाबतीत भेदभाव झाला का, हे दोन शेऱ्यांवरून सांगता येणार नाही, आणि मी तसं सांगणारही नाही. पण असं होतं का, याचं उत्तर मात्र आहे. २०२३ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’ या जर्नलमध्ये तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण-संशोधकांना त्यांनी विचारलं. आपले शेजारी नेपाळ आणि बांगलादेश त्यांत होते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे पेपर भाषेच्या कारणावरून नाकारले जाण्याचं प्रमाण सुमारे अडीच पट निघालं. ‘इंग्रजी सुधारा’ हा शेरा त्यांना साडेबारा पट जास्त वेळा मिळाला होता. तुम्हाला मिळालेला शेरा हा असा आहे. तो तुमच्या एकटीच्या वाट्याला आलेला नाही.

नावाचंही तसंच. व्हर्नन स्मिथ यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी एका नवख्या संशोधकाबरोबर पेपर लिहिला आणि तो प्रयोग म्हणून शेकडो रिव्ह्यूअरांकडे पाठवण्यात आला. काहींना फक्त स्मिथ यांचं नाव दिसलं, काहींना फक्त नवख्याचं, काहींना कुणाचंच नाही. पेपर एकच, अक्षरही बदललेलं नाही. नवख्याचं नाव पाहणाऱ्यांपैकी ६५ टक्क्यांनी तो नाकारा म्हटलं, नाव न पाहणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांनी, आणि नोबेलवाल्याचं नाव पाहणाऱ्यांपैकी अवघ्या २३ टक्क्यांनी. हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. तुमचे सर ‘लावून देतो’ म्हणतात तेव्हा ते अगदीच हवेत बोलत नाहीत, हे मी मान्य करते. यातून तुम्ही एक गोष्ट लगेच करू शकता: ज्या जर्नलमध्ये लेखक आणि रिव्ह्यूअर दोघांचीही नावं झाकली जातात, अशा जर्नलला प्राधान्य द्या. लेखकांसाठीच्या सूचनांत ते लिहिलेलं असतं.

मात्र दुसऱ्या रिव्ह्यूअरला तुम्ही पहिल्याच्याच रांगेत उभं केलंत, तिथे मी तुम्हाला थांबवते. ‘विषय स्थानिक आहे’ हा त्याचा शेरा मला पटत नाही. कुठल्याही डोंगरातला कंद स्थानिकच असतो. युरोपातल्या एका कुरणावरचा पेपर मात्र कुणी स्थानिक म्हणून परत करत नाही. पण ‘घरं किती आणि कशी निवडली’ हा प्रश्न रास्त आहे. मीही तो विचारला असता. तुमच्या पद्धतीच्या भागात पाड्यांची संख्या आहे, घरांची नाही. कुणाला विचारलं, कुणी नकार दिला, एकाच बाईशी किती वेळा बोललात, पुरुषांशी बोललात का, काहीच येत नाही. हे सगळं तुमच्या वह्यांत नक्की असणार. ते काढून एक तक्ता करा. अन्याय होतो हे खरं असलं तरी आलेली प्रत्येक सूचना अन्यायातूनच आली, असं धरून चाललात तर नुकसान तुमच्याच पेपरचं होईल.

भाषेच्या शेऱ्याला असं करा. संपादकाला दोन ओळी लिहा की अर्थ लागत नाही अशी वाक्यं दाखवलीत तर सुधारते. उत्तर येईल न येईल, पण अशी विचारणा करणं हा लेखकाचा हक्क आहे. आणि भाषा तपासून घ्यायला इंग्रजी मातृभाषेचा माणूस लागत नाही. तुमचा विषय कळणारा आणि स्पष्ट इंग्रजी लिहिणारा माणूस लागतो. तो तुमच्या विद्यापीठातही सापडेल. एआयची साधनं भाषा सुधारायला वापरलीत तर बरीच जर्नल्स चालवून घेतात, फक्त तसं पेपरात नमूद करावं लागतं का, ते जर्नलच्या नियमांत पाहा. आउटपुट मात्र ओळन् ओळ तपासा. कंदांची तुमच्या बोलीतली नावं ही साधनं सर्रास बिघडवतात.

पैशांचं. इथे बऱ्याच जणांचा एक समज असतो, तुमचाही दिसतो, की चांगलं परदेशी जर्नल म्हणजे पैसे भरावेच लागतात. तसं नाही. वर्गणीवर चालणारी असंख्य प्रतिष्ठित जर्नल्स लेखकाकडून काही घेत नाहीत. पेपर स्वीकारल्यावर ते विचारतात, ‘सर्वांना मोफत वाचता यावा असा पर्याय हवा का?’ शुल्क त्या पर्यायाचं असतं. ‘नको’ म्हटलं की शुल्कही नाही. ‘नेचर’ने २०२० मध्ये या पर्यायाची किंमत जाहीर केली ती साडेनऊ हजार युरो होती. तासिका तत्त्वावरच्या माणसाने त्या पानाकडे बघूसुद्धा नये. पेपर वर्गणीवाल्या पद्धतीने छापा आणि स्वीकारलेला मसुदा जर्नलच्या नियमांत बसेल तेव्हा विद्यापीठाच्या किंवा एखाद्या मोफत ऑनलाइन भांडारात ठेवा. बरीच जर्नल्स त्याला परवानगी देतात.

दुसरी वाट म्हणजे लेखक आणि वाचक दोघांनाही फुकट असलेली जर्नल्स. मुक्त जर्नल्सची ‘डीओएजे’ नावाची सूची २००३ सालापासून आहे. तिथे ‘शुल्क नाही’ ही चाळणी लावता येते. सूचीतली निम्म्याहून जास्त जर्नल्स लेखकाकडून पैसे घेतच नाहीत. ब्राझीलने १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या ‘सायलो’ या मुक्त संकेतस्थळावर लॅटिन अमेरिकेची अनेक जर्नल्स स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये निघतात आणि जग ती वाचतं.

शुल्कमाफीबद्दल मात्र फार आशा धरू नका. अनेक प्रकाशक गरीब देशांतल्या लेखकांना आपोआप माफी देतात, पण त्यासाठी साधारणपणे ‘रिसर्चफॉरलाइफ’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाची देशांची यादी वापरतात, आणि भारत त्या यादीत नाही. देशाची एकूण अर्थव्यवस्था मोठी आहे म्हणून. सातपुड्यातल्या कॉलेजात तासावर पैसे घेणारी बाई आणि आयआयटीतला प्रोफेसर त्या हिशेबात एकच. तरी विनंतीवरून माफी देणारी जर्नल्स असतात. पेपर पाठवण्यापूर्वीच विचारा, नंतर नाही.

आणि तीन हजारांत आठवड्यात छापणाऱ्यांकडे जाऊ नका. तुमच्यावर मुलाखतीचं दडपण आहे, तिथे पेपरला गुण आहेत, हे मला माहीत आहे. या धंद्याला आपल्याच व्यवस्थेने खतपाणी घातलं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मे २०१८ मध्ये स्वतःच्या मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकली. मग २०१९ मध्ये दर्जेदार जर्नल्सची ‘केअर’ नावाची यादी आणली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. आता जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थेवर आणि लेखकावर आहे. म्हणून एवढं पक्कं लक्षात ठेवा: आयएसएसएन म्हणजे मान्यता नव्हे, तो नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे, कुणालाही मिळतो. जिथे आठवड्यात स्वीकृती येते, तिथे पेपर कुणी वाचलेला नसतो. आणि कडूकंदावरची तुमची इतक्या वर्षांची मेहनत एकदा तिथे छापली की चांगल्या जर्नलचं दार त्या पेपरपुरतं बंद होतं.

आता सर.

तुम्ही विचारता, ‘देऊन मोकळी होऊ का?’ पहिलं नाव दिल्याने मोकळं होता येत नाही. पुढची पंधरा वर्षं जो कुणी हा पेपर उद्धृत करेल, तो सरांचं आडनाव आधी लिहील, आणि लेखक दोनपेक्षा जास्त झाले तर नुसतं सरांचं आडनाव ‘आणि इतर’ असं. मग त्या ‘इतर’मध्ये तुम्ही असाल. उद्या कंदांवर कुणाला व्याख्यान हवं असेल, प्रकल्पाला सल्लागार हवा असेल, तर फोन सरांना जाईल.

गुणांचा हिशेबही मांडा. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत संशोधनाचे गुण असे वाटले आहेत: लेखक दोन असले तर दोघांनाही ७० टक्के, दोनपेक्षा जास्त असले तर पहिल्या लेखकाला किंवा जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. सर पहिले आणि पत्रव्यवहारही त्यांच्याकडे, आणि पुढेमागे तिसरं नाव जोडलं गेलं, की तुम्ही ३० वर आलात. ज्या पेपरचं सगळं क्षेत्रकाम तुम्ही केलं, त्याचे.

शिवाय हे नियमाने चूक आहे. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने घालून दिलेले आणि इतर विषयांतल्या अनेक जर्नल्सनी उचललेले लेखकपणाचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात वैचारिक सुधारणा करणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही लागतात. ‘लावून देणं’ यांत कुठेच बसत नाही.

पण सरांना तोडून टाका, असं मी म्हणत नाही. उद्या निवड समितीत ते समोर बसलेले असू शकतात, आणि कायम नोकरी नसलेल्या माणसाला बाणेदारपणाचा सल्ला देणं मला जमणार नाही. कदाचित त्यांना खरंच मदत करायची असेल आणि त्यांच्या पिढीत हे असंच चालत आलं असेल. म्हणून त्यांना लेखक होण्याची खरी संधी द्या. असं काही लिहा:

“आदरणीय सर, पेपरमध्ये आपण रस घेतलात याबद्दल आभारी आहे. क्षेत्रकाम, नोंदी आणि मसुदा माझा असल्यामुळे पहिलं नाव आणि पत्रव्यवहार माझ्याकडे राहील. विश्लेषणाच्या भागात आपलं मार्गदर्शन हवं आहे. तो भाग आपण तपासून सुधारलात आणि अंतिम मसुदा पाहिलात, तर सहलेखक म्हणून आपलं नाव घालायला मला आनंद होईल. कुणी कोणतं काम केलं, याची नोंद जर्नलच्या पद्धतीप्रमाणे पेपरच्या शेवटी जाईल.”

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची एक यादी आहे: संकल्पना, पद्धत, क्षेत्रकाम, विश्लेषण, लेखन वगैरे. अनेक जर्नल्स आता ती भरून मागतात. पुढ्यात रकाने आले की बऱ्याच गोष्टी न बोलता मिटतात. सर काम करायला तयार झाले तर चांगलंच. नाही झाले तर आभारात त्यांचं नाव घाला आणि पुढे व्हा. आणि उत्तर येईपर्यंत वर्डची फाइल पाठवू नका, पीडीएफ पाठवा. सोबतच्या मेलवर तारीख राहू द्या.

इथवर तुमच्या प्रश्नांना उत्तरं झाली. आता माझा एक प्रश्न, आणि पत्र वाचल्यापासून खरं तर तोच मनात आहे.

सकाळी चकती जिभेला लावून ‘अजून एक पाणी’ म्हणणारी बाई. तिचं नाव काय?

पेपरात ती ‘स्थानिक माहितीदार’ आहे. तिच्यासारख्या सगळ्याच तशा आहेत. आभाराच्या परिच्छेदात गाइड आहेत, प्राचार्य आहेत, ग्रंथपाल आहेत, शेवटी ‘आणि सर्व ग्रामस्थ’. तुम्ही हे वाईट हेतूने केलं नाही, आपल्याला शिकवलंच असं जातं. पण सर तुमच्याशी जे करू पाहतात आणि पेपर त्या बायकांशी जे करतो, त्यांतलं अंतर तुम्हीच मोजून बघा. ज्ञान एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हे तुम्हाला स्वतःच्या बाबतीत लगेच खुपलं. तुम्ही त्याच समाजातल्या आहात, कदाचित त्यांतल्या काही तुमच्या नात्यातल्या असतील. म्हणूनच हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं.

लेखकपणाचे चार निकष पुन्हा बघा. कामात भरीव वाटा: तो त्यांचाच आहे. अडतं ते पुढे, कारण मसुदा इंग्रजीत आहे आणि न वाचता मान्यता कशी देणार? ही अडचण त्यांच्या अंगातली नाही, आपण निवडलेल्या भाषेची आहे. आणि ती सुटते. पाड्यावर जा, चार-पाच जणींना एकत्र बसवा आणि पेपर त्यांच्या बोलीत वाचून दाखवा. पूर्ण. तक्तेही समजावून सांगा. त्या दुरुस्त्या सांगतील, याची मला खात्री आहे. राखेच्या प्रमाणात तुमची गफलत झाली असेल तर ती कुठल्याही परदेशी रिव्ह्यूअरला सापडणार नाही, त्यांना मात्र सापडेल. दुरुस्त्यांची तारखेसह नोंद ठेवा. ही वैचारिक सुधारणाही झाली आणि मान्यताही. त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडते, तेवढी द्या.

मग विचारा: नाव हवं का? आणि ‘नको’ हे उत्तर येऊ शकतं, ते मनापासून स्वीकारा. वनहक्क कायदा २००६ मध्ये गौण वनोपजाच्या व्याख्येत कंद-मुळांचा स्पष्ट उल्लेख आहे, तो हक्क आहे. तरी जंगलात खणल्याची कबुली छापून आली तर त्रास होईल, अशी धास्ती एखादीला वाटू शकते. कुणाला घरून अडवलं जाईल. कुणी म्हणेल, माझं एकटीचं नको, पाड्याचं घाला. तेही करता येतं. गट म्हणून लेखकपण अनेक जर्नल्स मान्य करतात. ऑस्ट्रेलियातल्या अर्नहेम लँडमधल्या योलंगू बायका आणि विद्यापीठातल्या संशोधक यांच्या एका गटाने तर ‘बावाका कंट्री’ या त्यांच्या भूमीलाच पहिला लेखक म्हणून छापलं आहे, आणि तेही भूगोलाच्या नामांकित जर्नल्समध्ये. तुम्ही इतकं पुढे जावं असं नाही. पण संपादक असं काही ऐकतच नाहीत, हे खरं नाही. पेपरसोबतच्या पत्रात चार ओळींत कारण लिहा: यांचं ज्ञान पेपरचा गाभा आहे, मसुदा त्यांच्या भाषेत वाचून त्यांनी दुरुस्त आणि मान्य केला आहे. संपादकाने तरीही नकार दिला, तर आभारात प्रत्येकीचं पूर्ण नाव तिच्या परवानगीने घाला.

तुमच्या गुणांचं काय, असा प्रश्न मनात येईल, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एकटीचं नाव असतं तर गुण पूर्ण मिळाले असते, हे खरं. पण सहलेखक आले तरी तुम्ही पहिल्या आहात तोवर ७० टक्के तुमचेच. सरांना सोबत घेतलंत तरी तेवढेच मिळणार होते. म्हणजे पाड्यावरच्या गटाचं नाव जोडल्याने तुमचं काही जास्तीचं जात नाही.

एक सावधगिरी. दुर्मीळ कंद जिथे सापडतात त्या जागांचे अक्षांश-रेखांश तुमच्या तक्त्यात आहेत, ते काढा. छापलं की ते सगळ्या जगाला मिळालं, खणून नेणाऱ्यांनाही. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार तुमच्या भागात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही. छापण्यापूर्वी त्या समितीशी बोला. कंदांची माहिती नोंदवहीत नसेल तर ती गावाच्या संमतीने, गावाच्या नावावर तिथे आधी जाऊ दे. पेपर छापून येईपर्यंत मसुदा ऑनलाइन टाकण्याचा विचार असेल तर तोही या बोलण्यानंतरच.

मराठीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. इंग्रजी पेपर छापून आल्यावर तोच मजकूर दुसऱ्या भाषेत छापणं म्हणजे चोरी, असं आपल्याकडे समजतात. दोन्ही संपादकांची परवानगी असेल आणि मूळ पेपरचा उल्लेख ठळकपणे केला असेल, तर दुसऱ्या वाचकवर्गासाठी ते पूर्णपणे मान्य आहे. अनेक जर्नल्स दुसऱ्या भाषेतला सारांश पुरवणी म्हणून जोडू देतात, तोही विचारा. मराठीत लिहिलंत तर जिल्ह्यातले कृषी अधिकारी, आश्रमशाळेतले शिक्षक, तुमचे स्वतःचे विद्यार्थी ते वाचतील. संशोधनातल्या बहुभाषिकतेसाठीच्या २०१९च्या ‘हेलसिंकी इनिशिएटिव्ह’ने स्थानिक भाषांतलं संशोधन प्रकाशन जपण्याचं आणि मूल्यमापनात भाषेवरून भेद न करण्याचं आवाहन जगाला केलं. आपल्या विद्यापीठांच्या निवड समित्यांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही. मराठी पेपरला आजही ‘तो मराठी आहे’ म्हणून बाजूला सारतात, आणि सारणारे मराठीच असतात, याचं मला मनापासून दुःख होतं.

राहिला घोषणांचा प्रश्न. २०२० मध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या पुढाकाराने मोठ्या प्रकाशकांनी समावेशकतेचा संयुक्त करार केला. लेखक, रिव्ह्यूअर आणि संपादक कोण आहेत याची माहिती गोळा करायची, असं त्यात ठरलं. पुढे त्यासाठी लिंगओळख आणि वंश-वांशिकता यांचे सामाईक प्रश्न तयार झाले. हे काम गरजेचं आहे, त्याला नावं ठेवू नयेत. पण त्या प्रश्नांत जातीचा रकाना नाही, आदिवासी पाड्याचा नाही, कॉलेज तालुक्याचं की महानगरातलं हेही नाही. तिकडून पाहिलं की तुम्ही आणि शहरातले सर, दोघंही ‘भारतीय लेखक’. ‘यंदा भारतातून इतके पेपर आले’ असं एखादं जर्नल अभिमानाने सांगेल, तेव्हा त्यांत तुमच्यासारखी एकही नसेल तरी आकडा चांगलाच दिसेल. म्हणून माझं उत्तर असं: त्या घोषणा तुमच्यासाठी लिहिलेल्या नाहीत, पण तुम्ही त्यांचा वापर करू शकता. माफी मागताना, गटाला लेखक करा म्हणताना, मराठी सारांश जोडा म्हणताना जर्नलच्या त्याच पानाचा हवाला द्या. लिहिलेल्या धोरणाचा आधार घेऊन आलेली विनंती संपादकाला सहज बाजूला टाकता येत नाही.

हे सदर वाचणारे बरेच जण स्वतः रिव्ह्यूअर आहेत, कुणी विद्यापीठाच्या पत्रिकेचे संपादक आहेत. त्यांना एवढंच मागते. ‘इंग्रजी सुधारा’ असं लिहिण्याआधी न कळलेलं वाक्य दाखवा. नावं झाकून पेपर पाठवायला खर्च येत नाही. आणि नेहमीच्या पाच जणांनाच रिव्ह्यू देण्याऐवजी तालुक्याच्या कॉलेजातल्या एखाद्या पीएचडी झालेल्या मुलीला विचारा. तिला ते काम जमतं, तिला कुणी विचारलेलंच नसतं.

आता तुमच्यासाठी दोन छोट्या गोष्टी. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. सरकार वर्गणी भरतं आणि सुमारे १३,००० जर्नल्स संस्थांना वाचायला मिळतात, अशी ही तीन वर्षांसाठीची ६,००० कोटींची योजना. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य शासनाच्या संस्था आहेत. तुमचं कॉलेज त्यात येतं का, ते ग्रंथपालांना विचारा. येत नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक दिवस बसून डायोस्कोरिया या वनस्पतिगटावरचं (कडूकंद यातलाच) आफ्रिका आणि आग्नेय आशियातलं काम उतरवून घ्या. तिकडेही लोक असेच कडू कंद धुऊन खातात. तुमच्या चर्चेच्या भागात ती तुलना आली की ‘स्थानिक’ या शेऱ्याला उत्तर आपोआप मिळेल.

आणि आडनाव. तुम्हाला जे स्वतःचं वाटतं ते लावा, पण एकदा ठरवलं की पुढे सगळीकडे तेच, स्पेलिंगसकट. लग्नानंतर नाव बदललेल्या कितीतरी मराठी बायकांचं संशोधन दोन वेगळ्या माणसांच्या खात्यात विखुरलेलं आहे. त्यावर ओआरसीआयडीचा उपाय आहे: २०१२ पासून चालू असलेला, फुकट मिळणारा सोळा आकडी क्रमांक. त्यात आधीचं आणि आताचं अशी दोन्ही नावं नोंदवता येतात आणि माहेरच्या आडनावाचे ते दोन लेखही त्याखाली आणता येतात. पेपर पुन्हा पाठवण्यापूर्वी तो काढून घ्या. घरांचा तक्ता तयार झाला आणि पाड्यावरचं वाचन झालं की पेपर मला परत पाठवा, मी वाचेन.